पप्पांसोबत गोराई ते अर्नाळा: मागून हॉर्न न येणारे ४० किलोमीटर

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बऱ्यापैकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल तर बॅग पुढे घ्या, आणि सायकल चालवताना ऐकत असाल तर प्लीज एक इअरफोन काढा. आजचा विषय ऐकल्यावर कळेल का म्हणतेय ते.

झालं असं, की मध्ये एका रात्री झोप येत नव्हती म्हणून व्हिडिओ बघत बसले होते. स्पेनमधलं एक जोडपं. साठीच्या पुढचं असावं. दोन सायकली, मागे पिशव्या लावलेल्या, बाजूला एक कालवा, कालव्याच्या कडेनं मातीची वाट, आणि दोन्हीकडे क्षितिजापर्यंत गव्हाची शेतं. बास. अर्धा तास व्हिडिओ चालला आणि त्यात एकही गाडी आली नाही. मी अक्षरशः वाट बघत होते, की आता येईल, आता मागून कोणीतरी हॉर्न मारेल. नाही आली! ती दोघं शेजारी-शेजारी सायकल चालवत गप्पा मारत होती. मला सगळ्यात जास्त कसला हेवा वाटला असेल तर त्याचा. मुंबईत दोन माणसं शेजारी सायकल चालवू शकतात का? एकामागे एक, ते पण गटाराच्या झाकणावरून.

मग मी जरा शोधलं. त्या कालव्याचं नाव कनाल दे कास्तिया. १७५३ मध्ये काम सुरू झालं, १८४९ मध्ये संपलं. ९६ वर्षं! आपल्या मेट्रोला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. लांबी २०७ किलोमीटर. कास्तिया म्हणजे स्पेनच्या मधोमध असलेलं पठार, तिथे गहू पिकायचा आणि तो बाहेर न्यायला धड रस्ते नव्हते. म्हणून कालवा खणला. होड्या पाण्यात, आणि त्यांना दोरानं ओढणारी खेचरं काठावरून चालायची. त्या खेचरांसाठी केलेली वाट, तीच आजची सायकलची वाट. आणि गंमत बघा, कालवा पूर्ण होऊन थोडीच वर्षं झाली आणि तिथे रेल्वे आली. होड्यांचा धंदा बसला. वाट मात्र राहिली.

त्याच देशात जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचं पण असंच केलंय. रूळ काढले आणि चालायला, सायकलला रस्ते केले. त्यांना 'व्हियास व्हेर्देस' म्हणतात, म्हणजे हिरव्या वाटा. १९९३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि आज असे ३००० किलोमीटरच्या वर रस्ते आहेत. यात एक साधं गणित आहे. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही, म्हणून रेल्वेची वाट सपाट. कालव्यातलं पाणी चढ चढत नाही, म्हणून कालव्याची वाट सपाट. ज्याला दम लवकर लागतो अशा माणसासाठी याहून चांगला रस्ता नाही.

आणि असा एक माणूस माझ्या घरी आहे. पप्पा.

पप्पा ६३ वर्षांचे. मुलुंडला राहतात, मी लग्नानंतर बोरिवलीत. माझ्या लहानपणी ते भांडुपच्या एका कारखान्यात होते. रोज मुलुंड ते भांडुप एलबीएस रोडनं सायकलवर. तेव्हा त्या रोडला दोन्ही बाजूंना कारखाने होते आणि शिफ्ट सुटली की सायकलींचा पूर यायचा, असं ते सांगतात. काळी ॲटलस. पुढच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून माझी सीट. कुठेही जायचं तर मी दांड्यावर, मम्मी कॅरियरवर. मग एक दिवस सायकल चोरीला गेली. मी सात वर्षांची होते. त्यानंतर पप्पा सायकलवर बसले नाहीत. कारखानाही पुढे बंद झाला, तिथे आता टॉवर आहे. (जाता जाता: ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो दिवस ३ जून २०२०. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. हे मी बनवून सांगत नाहीये.)

तो व्हिडिओ मी पप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'हे आपल्याकडे कुठे?' आणि पाच मिनिटांनी दुसरा मेसेज, 'सीट केवढी आहे त्यांची!'

पहिल्या मेसेजवर मी अडकले. खरंच, आपल्याकडे कुठे?

मुंबईचा हिशोब सांगते. सी लिंकवर सायकलला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. बीकेसीत २०११ मध्ये सायकल ट्रॅक केला होता, पण त्यावर सायकलींपेक्षा गाड्याच जास्त उभ्या राहायच्या. पवई तलावाच्या कडेनं ट्रॅक करायला घेतला, तर तो तलावातच भराव टाकून. आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी कोर्टात धाव घेतली आणि हायकोर्टानं मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरवून केलेलं काढून टाकायला सांगितलं. बरं झालं, असं मी सायकलवाली असूनही म्हणते. मगरींच्या घरातून मला सायकल चालवायची नाही.

नॅशनल पार्क आहे. बोरिवलीच्या गेटवर सायकल भाड्यानं मिळते, सोमवारी बंद. सकाळी फार सुंदर वाटतं, पण कान्हेरीकडे जाताना चढ आहे, आणि पप्पांच्या गुडघ्यांचं मी आधीच ठरवून टाकलं होतं, की नको.

आणि मग पाइपलाइन. मुलुंड, भांडुप, घाटकोपरवाल्यांना वेगळं सांगायला नको. तानसा धरण १८९२ मधलं, तिथून पाणी उताराच्या जोरावर शहरात येतं. पाइपच्या बाजूनं महापालिकेची जागा आहे. महापालिकेनं तिथे ३९ किलोमीटरचा सायकल आणि चालण्याचा रस्ता करायचं ठरवलं, नाव दिलं 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स'. कागदावर बघितलं तर अगदी आपला कास्तियाचा कालवा! पाण्याच्या कडेनं सपाट वाट, सिग्नल नाही, गाडी नाही. काही तुकडे झालेही. सलग सायकल मारत जाता येईल असा रस्ता काही झाला नाही.

पण इथे मला एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर स्वतःलाच फसवल्यासारखं होईल. ती जागा रिकामी नव्हती. पाइपच्या दोन्ही बाजूंना घरं होती. पाइपच्या सुरक्षेसाठी हायकोर्टाच्या आदेशानं ती हटवली. विद्याविहार, घाटकोपरकडच्या कितीतरी कुटुंबांना माहुलला पाठवलं, रिफायनरीच्या शेजारी. तिथली हवा इतकी वाईट की लोक आजारी पडायला लागले. लोक महिनोन्महिने विद्याविहारला पाइपलाइनजवळ आंदोलनाला बसले होते. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, की या लोकांना तिथे राहायची जबरदस्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या नाहीतर भाडं द्या. माझ्या शाळेतली एक मैत्रीण त्यातली. तिला मी उत्साहानं ट्रॅकबद्दल सांगायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'आमचं स्वयंपाकघर होतं गं तिथे.' मी तिथे सायकल चालवते अजून. पण त्या पट्ट्यात आले की वेग आपोआप कमी होतो.

तर, कुठे जायचं? उत्तर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर निघालं. गोराई जेट्टी.

मंडळी, बोरिवलीकरांना गोराई म्हणजे एस्सेलवर्ल्ड किंवा पॅगोडा एवढंच माहीत. पण खाडीपलीकडचं गोराई, मनोरी, उत्तन हा सगळा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. (झोपडपट्टीवाली धारावी वेगळी.) बोरिवलीकडून तिथे थेट पूल नाही. जायचं तर बोटीनं, नाहीतर भाईंदरला वळसा घालून. आणि त्या खाडीनंच तो रस्ता शांत ठेवलाय. चारचाकी बोटीत चढत नाही, सायकल चढते. सायकलवाल्याच्या बाजूनं असलेली मुंबईतली ही बहुतेक एकच व्यवस्था असेल, आणि तीसुद्धा कोणी मुद्दाम केलेली नाही.

प्लॅन असा: बोरिवलीहून बोटीनं गोराई, तिथून उत्तन, उत्तनवरून राई-मुर्धा करत भाईंदर पश्चिम. तिथून रो-रो बोटीनं वसई किल्ला. ही रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. आधी सायकलनं भाईंदरहून वसईला जायचं म्हणजे घोडबंदरवरून हायवेनं फेरा मारायचा, ट्रेलरच्या शेजारून. आता खाडी ओलांडली की वसई. पुढे भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा. परत येताना विरारहून ट्रेन, लगेजचं तिकीट काढून मालडब्यातून. सायकलवरचं अंतर साधारण ४० किलोमीटर. चढ म्हणाल तर उत्तनला चौकाकडे थोडासा, बाकी ताटासारखं सपाट.

वाऱ्याचं एक सांगून ठेवते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सपाट रस्त्यावर चढाचं काम वारा करतो. हिवाळ्यात किनाऱ्यावर पहाटे वारा जमिनीकडून असतो, हलका. ऊन तापलं की दुपारच्या सुमाराला तो समुद्राकडून, वायव्येकडून येतो. तुम्ही चाललाय उत्तरेला. म्हणजे उशीर केलात तर शेवटचे दहा किलोमीटर भिंत ढकलत जायचं. सकाळची पहिली बोट धरा.

पप्पा शनिवारी रात्रीच मुक्कामाला आले. माझ्या नवऱ्याची सायकल त्यांना दिली. गिअर बघून म्हणाले, 'हे बंद करता येत नाही का?' मी मधल्या गिअरवर टाकून दिलं आणि सांगितलं, हात लावू नका. टायरमध्ये हवा दाबून बघितली अंगठ्यानं, ब्रेकचे रबर बघितले, चेनवर तेलाचे दोन थेंब. पंचवीस वर्षांनी सगळं हाताला माहीत होतं. फक्त सीट त्यांनी खाली करून घेतली, पाय पूर्ण टेकायला हवेत म्हणून. गुडघ्यासाठी हे वाईट, मी सांगितलं. ऐकलं नाही. उत्तनला पोचल्यावर स्वतःच म्हणाले, दोन बोटं वर घे.

बोटीत कोळणी, शाळेच्या दोन शिक्षिका, दुधाचे कॅन, तीन-चार स्कूटर, आणि आम्ही. पप्पांनी हँडल धरून ठेवलं होतं, घोड्याचा लगाम धरावा तसं. मला वाटलं घाबरलेत. विचारलं तर म्हणाले, 'घाबरलो नाही. सवय गेलीय.'

गोराई गाव सोडलं, की बोलावं असं काही घडत नाही. हेच त्या रस्त्याचं भारी आहे! चर्चची घंटा, पांढरे क्रूस, विहिरी, वांग्याची शेतं, कोणाच्या तरी अंगणात सुकणारे बोंबील. अधूनमधून बस येते, रिक्षा येते. रस्ता स्पेनइतका रिकामा नाही, खोटं कशाला बोलू? रविवारी नऊनंतर तर बाईकवाल्या पोरांच्या झुंडी येतात. पण सकाळी साडेसहा-सातला दहा-दहा मिनिटं काहीही येत नाही.

आणि आम्ही शेजारी-शेजारी चालवायला लागलो.

मागून एक टेम्पो आला. मी काही न बोलता एकदम कडेला गेले, इतकी की चाक मातीत उतरलं. टेम्पो गेला. पप्पा थोडा वेळ गप्प. मग समोर बघतच म्हणाले, 'तुझा हात जिन्यावरून पडून मोडला नव्हता ना?'

आता हे तुम्हालाही सांगितलेलं नाहीये. दोन वर्षांपूर्वी दहिसरजवळ हायवेवर एका डंपरनं मला घासलं. नुसता आरसा लागला खांद्याला. मी पडले, कोपर मोडलं, डंपर थांबला नाही. घरी सांगितलं ऑफिसच्या जिन्यावर पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर सायकल विकायला लावली असती. त्यानंतर सहा महिने मी सायकलला हात लावला नव्हता, तेही कोणाला सांगितलं नाही. मागून इंजिनचा आवाज आला, की आजही माझी मान आखडते. म्हणून तो स्पेनचा व्हिडिओ मी अर्धा तास बघत बसले होते. हौस तर होतीच, पण कुठेतरी तो आवाज येत नाही हे बघायचं होतं.

मी म्हटलं, 'नव्हता.'

पप्पा म्हणाले, 'माझी पण सायकल चोरीला नव्हती गेली.'

सोनापूरच्या सिग्नलला टेम्पोनं उडवलं होतं त्यांना. रात्रपाळीहून येताना. त्यांना खरचटलं फक्त, पण पुढचं चाक आणि फोर्क पार वाकला. सायकल तिथल्याच एका दुकानात टाकली दुरुस्तीला, आणि परत आणायला गेलेच नाहीत. 'दांडा बघितला,' म्हणाले, 'तू बसायचीस तो. टॉवेल तसाच होता. त्या दिवशी तू असतीस तर?' मग घरी येऊन सांगितलं चोरीला गेली.

यावर मी काय बोलणार होते? काही बोलले नाही. मग ते म्हणाले, 'सीट वर घे जरा, गुडघा दुखतोय.'

हे संभाषण एलबीएस रोडवर झालं नसतं. घरीही झालं नसतं, कारण घरी समोरासमोर बसावं लागतं आणि टीव्ही चालू असतो.

भाईंदरच्या आधी मिठागरं लागतात, तिथे बगळे. रो-रोसाठी थांबावं लागलं. वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. बोट वसई किल्ल्याला लागते. चिमाजी अप्पांच्या फौजेनं आधी धारावी बेट घेतलं आणि मग मे १७३९ मध्ये वसई. म्हणजे आम्ही त्यांच्याच क्रमानं चाललो होतो, फक्त भजी खात.

किल्ल्यातून सायकल चालवणं म्हणजे काय सांगू! पडक्या चर्चच्या कमानी, ताडाची झाडं, आणि सावली. त्यापुढे वसईचा पश्चिम पट्टा. ज्यांनी वसई म्हणजे फक्त स्टेशन बघितलंय त्यांना पटणार नाही. अरुंद रस्ते, दोन्हीकडे केळीच्या, नारळाच्या वाड्या, पानवेली, फुलं, बावखलं म्हणजे वाडीतली छोटी तळी. रस्ता इतका वळतो की कोणाला गाडी जोरात नेताच येत नाही. भुईगावाजवळ एका कुपारी आजींनी आम्हाला पाणी दिलं आणि पप्पांना विचारलं, 'पोरीनं आणलंय की तुम्ही पोरीला?' पप्पा म्हणाले, 'बोटीनं आणलंय.'

हा हिरवा पट्टा आपोआप वाचला नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी बिल्डर, टँकर आणि गुंडगिरी यांच्या विरोधात इथल्या लोकांनी हरित वसईची चळवळ उभी केली. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नंदाखालचेच. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 'सुवार्ता'चे संपादक. जुलै २०२४ मध्ये गेले. विहिरींतून टँकर भरभरून पाणी उपसलं की खारं पाणी आत येतं आणि वाडी मरते, हे ते लोक तेव्हापासून सांगतायत. मी काही तिथली नाही, आणि चाळीस किलोमीटर सायकल चालवून कोणी तज्ज्ञ होत नाही. पण गेल्या वर्षी ज्या वळणावर वाडी होती, तिथे या वेळी पत्रे ठोकलेले दिसले. एकच नाही, तीन ठिकाणी. म्हणून म्हणते, जायचं असेल तर या हिवाळ्यात जा. आणि वाडीत न विचारता शिरून रील काढू नका, कोणाच्या तरी घरामागची जागा असते ती.

आगाशीला सुकेळी घेतली. राजेळी केळी उन्हात सुकवतात, ती. दोन खाल्ली की पुढच्या दहा किलोमीटरची सोय! अर्नाळ्याला पोचलो तेव्हा अकरा वाजायचे होते आणि वारा फिरायला लागला होता. पप्पा बराच वेळ समुद्राकडे, म्हणजे किल्ल्याच्या बेटाकडे बघत बसले. मग म्हणाले, 'तिकडे पण बोट जाते?' जाते, मी म्हटलं. आज नको पण.

आता शेवटचं. मम्मी हा पॉडकास्ट ऐकते. म्हणून रेकॉर्ड करायच्या आधी आम्ही दोघांनी तिला सगळं सांगितलं. माझ्या हाताबद्दल ती रडली थोडी. पप्पांवर मात्र जाम चिडलीय, अपघातावरून नाही. ती सायकल मामानं दिली होती, आणि ती चोरीला गेली म्हणून मम्मी तेव्हा दोन वेळा पोलीस चौकीत जाऊन आली होती, मला कडेवर घेऊन. आज चार दिवस झाले, ती पप्पांशी फक्त जेवायला वाढताना बोलते. पप्पांनी काल फोन करून विचारलं, की कॅरियरवाली सायकल भाड्यानं कुठे मिळते.

तुम्हाला माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. बोरिवली किंवा वसई, कुठलीही चालेल. कॅरियर मजबूत पाहिजे. भेटू पुढच्या भागात.